मामांच्या बरणीतला दगड

दगडांचा पाहुणचार करणारा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं प्रारब्ध. रेवदंड्याच्या शाळेत शास्त्र शिकवून उरलेला वेळ मामा विहिरी खणणाऱ्यांच्या मागे हिंडत, कारण कातळाच्या पोकळीत पांढरे स्फटिक सापडतात. एका लग्नात तर नवरानवरीला सोडून हे परसातल्या अर्धवट विहिरीपाशी उभे. खालून गडी ओरडला, "मास्तर, पानी न्हाय लागला, पन तुमचा दगड लागला!" मामांनी मुठीतल्या अक्षता त्या दगडावर टाकल्या.

मामांचं म्हणणं असं, की या दगडाच्या आत खोल्याच खोल्या असतात, आणि त्यांत धातूंचे कण बिऱ्हाड करून राहतात. "जुना बाहेर पडल्याशिवाय नवा आत शिरत नाही, जावईबापू. आपल्या धर्मशाळांपेक्षा शिस्त बरी!" असले दोन दगड त्यांनी मामींच्या लोणच्याच्या बरणीत, मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या खड्यांच्या, पाण्यात बुडवले होते. तांबं आत राहायला आलं की दगड निळा होणार, आणि मामा ज्यांना पत्रं लिहीत, ते मुंबईचे प्रोफेसर मान डोलावणार. रोज सकाळी देवपूजेआधी मामा दगड काढून धुऊन बघत. पांढरेच. मामी म्हणत, "एवढ्यात लोणचं तरी मुरलं असतं!"

वर्ष गेलं. मामांचं उतरलेलं तोंड बघवेना, शिवाय माझ्या अंगात तेव्हा मस्तीही होती. एका दुपारी वाळत ठेवलेल्या एका दगडाला मी कपड्यांची नीळ चोपडली. मामा अंगणात अक्षरशः नाचले. मी तोंड उघडेपर्यंत दगड कापसात गुंडाळून मुंबईच्या बोटीत चढलासुद्धा. प्रोफेसरांचं उत्तर आलं: "नीळ उत्तम. पुढील खेपेस धोतर पाठवावे."

मामांनी पत्र दोनदा वाचलं. "मुंबईच्या पाण्यानं भाडेकरू पळवला," एवढंच म्हणाले. त्यानंतर कुठे विहीर खणत असली, की ते वाट बदलत. बरणीचं झाकण त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. परवा मामींनी माळा झाडताना ती बरणी मला दिली. दुसरा दगड तीन पाण्यांनी धुतला, तरी निळसर. फोडला, तर आतही निळसर. मी मामींना सगळं सांगून टाकलं.

"नीळ कमी झालेली मला तेव्हाच दिसली होती," मामी म्हणाल्या. "पत्र आलं तेव्हा यांना सांगितलं. म्हणाले, जावईबापूंना बोलू नकोस. माझ्या दगडाला आजवर दुसऱ्या कुणी हात तरी लावला का?"

मग त्यांनी तो तुकडा दाराच्या उजेडात धरला, आणि हळूच म्हणाल्या, "मुरलं हो, शेवटी."