तुझी तपासणी झाली का?

त्या रविवारी सकाळी मी सोहमला अंघोळ घालत होतो. हात साबणाने भरलेले, म्हणून रेखाने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडून सुनंदावहिनी होत्या, गौतमची बायको. "भाऊजी, सर बोलून नाही राहिले... लवकर या." मी पोराच्या डोक्यावरचा फेस तसाच सोडून पळालो. त्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी गौतमला गाडीत घातलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. बाहेर येऊन त्यांनी मान हलवली, आणि माझ्या डोक्यात वेड्यासारखं एकच आलं, सोहमच्या डोळ्यात साबण गेला असेल.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. घरात बसवत नाही. शाळेला निघालो की गाडी आपोआप त्याच्या गल्लीकडे वळते, मग कोपऱ्यावरून परत फिरवावी लागते. लिहायला बसलो की उठतो, पाणी पितो, पुन्हा बसतो. तरी लिहायला हवं, कारण गौतम सर गणित छान शिकवायचे एवढंच लोक बोलून राहिलेत. ते खरंच आहे. पण मला त्याने बाप व्हायला शिकवलं, आणि ते कुणी बोलत नाही.

आम्ही दोघे एका शाळेत शिक्षक, तो गणिताचा, मी मराठीचा. शाळा वाशिमच्या रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. हिंगोलीहून रोज एकाच गाडीवर जायचो, एक दिवस त्याची, एक दिवस माझी. गौतमला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. शिक्षकांच्या खोलीतही तो उभ्यानेच डबा खायचा. आमची खरी बोलणी झाली ती गाडीवर. पुढच्याचं तोंड मागच्याला दिसत नाही, वाऱ्याने शब्द अर्धे उडतात, त्यामुळे एरवी जड जाणारं बोलणं तिथे सोपं व्हायचं.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. रेखाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, गावठी औषधं झाली, औंढ्याला अभिषेक झाला. तिच्या दंडावर माझ्या मायने काळा दोरा बांधला होता. मी मात्र प्रत्येक वेळी दवाखान्याच्या बाहेर उभा राहून तंबाखू मळत होतो. एका सकाळी गाडी चालवता चालवता गौतम म्हणाला, "दत्ता, वहिनीचं सगळं झालं. तुझी तपासणी झाली का?"

"मला काय धाड भरली?"

"तेच तर पाहायचं हाय."

"गाडी थांबव."

त्याने थांबवली. मी उतरलो आणि रागारागाने पायी चालू लागलो. तो निघून गेला. बरंच चालल्यावर पाहतो तर पुलाच्या कठड्यावर बसून पेरू खातोय. अर्धा पेरू माझ्यापुढे धरून म्हणाला, "चाल, पहिला तास तुझा हाय." त्यानंतर कित्येक दिवस त्याने तो विषय काढला नाही. मग एकदा, माझ्या गाडीवर मागे बसलेला असताना, आपणहून म्हणाला, "मी केलती ती तपासणी. भेव वाटतं गड्या, पण माणूस मरत न्हाई."

नांदेडला तोच घेऊन गेला. तपासणी करून मी बाहेर आलो तेव्हा मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाला, "चहा पिऊ." रिपोर्ट आला, दोष माझ्यात होता. डॉक्टर समजूतदार होते. यात मर्दानगीचा काही संबंध नाही, औषधाने फरक पडू शकतो, पण तंबाखू आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं. रेखालाही दिवस राहायच्या आधीपासूनच फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या. गौतमही तंबाखू खायचा. दवाखान्याच्या पायरीवर त्याने स्वतःची पुडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि माझ्यापुढे हात पसरला. "आण. दोघं संगट सोडू. एकट्यानं न्हाई जमत."

येताना बसमध्ये तो म्हणाला, "डॉक्टरचं सोपं होतं. आता घरी सांगायचं." मी खिडकीबाहेर पाहत बसलो. पण ती वेळ लवकरच आली. माय गावाकडून आली आणि जेवणं झाल्यावर हळूच म्हणाली, "एक पोरगी पाह्यली. गरीबाघरची हाय. रेखाला काई तकलीफ होऊ देनार न्हाई, ती बी राहील घरात." आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणालो, "माय, दुसरी आणली, तिसरी आणली तरी लेकरू होनार न्हाई. कमी माझ्यात हाय. रिपोर्ट हाय माझा." माय माझ्याकडे पाहतच राहिली. मग ती उठली, आत गेली, रेखाच्या दंडावरचा काळा दोरा सोडला आणि बाहेर येऊन माझ्या दंडावर बांधला. आतून रेखाचं हसू ऐकू आलं. ते हसू मी त्या घरात फार दिवसांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी गौतमला सांगितलं तर तो इतका हसला की गाडी डुलायला लागली.

पुढच्या वर्षी रेखाला दिवस राहिले. आता गौतम निवांत होईल असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. रक्त कुणाचं जुळतं, गाडी कुणाची मिळेल, ड्रायव्हर रात्री फोन उचलतो का, याच्या चौकशा तो माझ्या आधी करू लागला. सातव्या महिन्यात मी वैतागून म्हणालो, "अजून लय वेळ हाय की, गौतम." मी गाडी चालवत होतो. मग मागून तो बोलू लागला... त्यांचं पहिलं लेकरू, मुलगा. सुनंदावहिनी तेव्हा साखऱ्याला, त्याच्या गावी होत्या. कळा सुरू झाल्या, तर घरातली सगळी म्हणाली, पहिलटकरीण हाय, अजून लय वेळ हाय. गाडी मिळाली तोवर उशीर झाला. लेकरू जन्मलं, पण रडलं नाही. "ह्या हातावर होतं दत्ता. गरम होतं." मला मागे वळून पाहता येत नव्हतं. गाडी थांबवायचं धाडसही झालं नाही. नाक्याजवळचा ढाबा आला तेव्हा तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "म्हणून म्हणतो, वेळ हाय असं कुनी म्हणलं की समजायचं, वेळ न्हाई." त्यांची मुलगी मैत्री त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. ती आता सातवीत आहे.

सोहम झाला तेव्हा माय मधाची बाटली घेऊन दवाखान्यात हजर. लेकराला आधी मध चाटवायचा, पहिलं दूध पिळून टाकायचं, आमच्याकडे तसंच चालत आलेलं. नर्सने सांगून पाहिलं, माय ऐकेना. गौतम बाहेर बाकाजवळ येरझाऱ्या घालत होता. तो पुढे आला. "मावशी, गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजता का फेकून देता?"

"फेकतंय का कुनी? चिकाबिगर वासरू उभं राह्यल का?"

"मंग नातवानं काय घोडं मारलं तुमचं? त्याचा चीक काहून फेकून राहिले?"

मायने त्याच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि बाटली पिशवीत टाकली. माझ्या मायने गौतमला कधी घराच्या बैठकीपुढे येऊ दिलं नव्हतं. त्याची जात ती विसरत नव्हती, आणि तो ते ओळखून होता. त्या दिवशी रेखाने पोराला पाजल्यावर माय बाहेर आली आणि गुंडाळलेलं लेकरू तिने माझ्या आधी त्याच्या हातात दिलं. तो खाली बसला. मी त्याला असा स्थिर बसलेला त्या एकाच वेळी पाहिला.

पुढे रेखा उगाच रडायची. सगळ्या घराला आनंद आणि हिच्या डोळ्यांना पाणी. बाया म्हणायच्या, नवसाचं लेकरू पदरात असून रडती कशाला? गौतम मला म्हणाला, "तिला उपदेश नको देऊ, झोप दे. पाजण्यापुरतं तिच्याजवळ, बाकी लेकरू तू घे. अन् डॉक्टरला सांग, लपवू नको." सुनंदावहिनी रोज दुपारी येऊन तिच्याजवळ बसायच्या. लंगोट बदलायला, ढेकर काढायला, मान धरून अंघोळ घालायला मी गौतमकडून शिकलो. हसणारे हसले. हळूहळू रेखाच्या तोंडावर रंग आला.

सोहम दोन वर्षांचा होऊन गेला तरी बोलेना. माय म्हणायची, पोरं उशिरा बोलतात. गौतम म्हणाला, "आधी कान दाखव." कान चांगले निघाले. मग त्याने सोहमच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. "ह्याच्यातला माणूस त्याला जवाब देतो का? तू दे." रविवारी तो सोहमला गाडीवर पुढे बसवून हळूहळू फिरवायचा आणि दिसेल त्याचं नाव घ्यायचा. एस.टी., हळदीचं शेत, टमटम, बोकड. एका रविवारी दोघे परत आले ते ओरडतच. सोहम हात दाखवून "हैस, हैस" करत होता आणि गौतम गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "म्हैस म्हणला! म्हैस म्हणला पोरगा!"

आणि हाच माणूस... जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी शाळा सुटल्यावर गाडीवर बसताना त्याने छाती चोळली. जळजळ होते म्हणाला. डावा हात जड वाटतो म्हणाला. मी म्हणालो, "सरळ दवाखान्यात चाल." "पित्त हाय. सोमवारी पाहू." मी पुन्हा म्हणालो. त्याने हसून माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्यांना घटकाभर थांबू न देणारा हा माणूस स्वतःसाठी सोमवारपर्यंत थांबायला तयार झाला. मला त्याचा राग येतो. रात्रंदिवस येतो. कुणावर काढावा ते कळत नाही.

परवा वहिनींकडे गेलो होतो. पेन्शनच्या कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. दारात एक ऑटो थांबला आणि एक तरुण माणूस उतरला. सेनगावकडचा, दवाखान्याच्या रांगेत कधीतरी गौतमशी ओळख झालेला. "सर हाईत का? पाळणा देतो म्हणले होते." मी आणि वहिनींनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो पायरीवरच बसला, मग घाईने उठून म्हणाला, "मी जातो. माफ करा, मला ठाऊक नव्हतं."

"थांबा," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो पाळणा साखऱ्याच्या शेतातल्या बाभळीचा. त्या पहिल्या लेकरासाठी गौतमच्या वडिलांनी केलेला. ते लेकरू त्यात निजलं नाही, पण पुढे मैत्री निजली, आमचा सोहम निजला, आणि मला नावंही माहीत नाहीत अशी कितीतरी लेकरं निजली. आम्ही दोघांनी तो ऑटोत बांधला. दोरी आवळताना मी त्या माणसाला विचारून राहिलो होतो, कितवा महिना आहे, रक्त तपासलं का, गाडी कुणाची ठरवली. तो म्हणाला, "अजून येळ हाय सर." मी त्याचा फोन मागून घेतला, माझा नंबर त्यात घातला आणि ड्रायव्हर आत्ताच ठरवायला सांगितला. माझा आवाज चढला होता. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

ऑटो सुरू झाला तसा त्याने डोकं बाहेर काढलं. "पाळना परत कदी आनून देऊ, ताई?"

"लेकरू चालायला लागलं की," वहिनी म्हणाल्या, "त्याला घेऊनच या."