सोयाबीन, कॅन्सर आणि सहा जावई

लॅबमध्ये प्रयोग फसला की तो वहीत जातो, किस्सा मात्र आपल्याकडेच राहतो. आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर माझ्याकडे वह्यांपेक्षा किस्से जास्त झालेत. पूर्वी ते सांगताना मीच आधी हसायचे. हल्ली जास्त श्रावणभाऊंचेच आठवतात. भाऊ म्हणजे आमचे अटेंडंट, रोज उमरेडहून एसटीने येणारे.

*

आमचं काम असं, लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी डब्यांत वाढवायच्या आणि सोयाबीनमधल्या एका द्रव्याने त्यांची वाढ थांबते का ते बघायचं. ते द्रव्य परदेशातून यायचं, बर्फात गुंडाळलेलं, चिमूटभर! भाऊंनी पहिल्यांदा ती बाटली उजेडात धरून हलवली.

"एवढंसंच? आमच्या वावरात पोत्यानं होते, मॅडम! सांगा तं उद्या गाडी भरून आणतो!"

*

मे महिना. कूलर नुसता आवाज करत होता. पेशी मात्र इन्क्युबेटरमध्ये सदतीस डिग्रीवर. भाऊ कपाळ पुसत म्हणाले, "आपण पंचेचाळीसमध्ये शिजून राहिलो, अन् कॅन्सर पाहा कसा सावलीत बसला!"

*

आमच्या सरांनी एका कॉलेजात सोयाबीनच्या गुणांवर तासभर भाषण दिलं. नंतर जेवणात सोयाबीनच्या वड्यांची भाजी! सरांनी ती हळूच माझ्या ताटात सरकवली. "मी फक्त अभ्यास करतो," म्हणाले.

*

प्रत्येक प्रयोगात सहा डब्यांत औषध टाकायचं आणि सहांत नाही. हे दुसरे सहा म्हणजे कंट्रोल. त्यांनाही तेच गुलाबी खाद्य, तीच ऊब, आणि त्या पेशी जगायलाच हव्यात. नाहीतर औषधाने काय केलं ते कशाशी ताडून बघणार? हे सगळं मी भाऊंना समजावलं. ते मान हलवत ऐकत होते.

"म्हणजे खाऊन-पिऊन मस्त, अन् यायले कोणी हात लावाचा नाही. हे तं जावईच झाले!"

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये कंट्रोल कोणी म्हणेना. सरसुद्धा सकाळी आल्या आल्या विचारायचे, "जावई बरे आहेत ना?"

*

हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. एकदा मी मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजत होते. मागून भाऊंनी विचारलं, "मॅडम, सोयाबीननं कॅन्सर खरंच मरते?"

"मरते ना भाऊ!" मी म्हटलं. मान वर केली नाही. मोजणी चुकली असती.

महिन्याभराने कळलं, त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना लिव्हरचाच कॅन्सर निघाला होता. भाऊ म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ सोयाबीनच देऊन राहिलो. तिले वास सहन होत नाही, पण मी सोडत नाही." दवाखान्याची तारीख त्यांनी पुढे ढकलली होती.

मी हातातलं सगळं टाकून त्यांना समजावलं. डब्यात आपण पेशींवर थेट औषध ओततो, माणसाचं तसं नसतं, खाऊन तेवढं लिव्हरपर्यंत पोचत नाही, आजच्या आज दवाखान्यात जा. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग तुमी हो काहून म्हटलं?"

डॉक्टर नंतर म्हणाले की महिनाभर आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. भाऊंना ते पटलं असावं. मला अजून पटलेलं नाही.

*

काकू गेल्या. तेरावं करून भाऊ कामावर आले, डबे धुतले, कचरा काढला, सगळं नेहमीसारखं. त्या आठवड्यात मी इन्क्युबेटर उघडला तर बाराच्या बारा डब्यांतल्या पेशी मेलेल्या! औषधाची बाटली रिकामी. तीन महिन्यांचं काम गेलं.

सर ओरडले, "औषधवाले मेले ते ठीक. पण जावई कसे मेले?"

भाऊ स्टुलावरून उठले. "मीनं टाकलं, सर. सगळ्यायच्यात."

"अरे पण काहून?"

"घरी तं कॅन्सर नाही मेला, सर. इथं एकबी जिता नाही ठेवला."