चार बोटांची चीर

"बापासाठी फाडलेला कपडा रफूला आणलात, तर दुकानात उभं करणार नाही," असं रफूगर एका गिऱ्हाइकाला म्हणाला होता.

रफूगराला बहुतेक माणसं तुच्छ वाटत. मशीनवर शिवणारी, तयार कपडे घेणारी, डाग पडल्यावर हसणारी. आईबाप गेले की ज्यू माणूस छातीवर डाव्या बाजूला कपडा चार बोटं फाडतो. महिन्याने जाडेभरडे टाके घालून तो जोडता येतो. रफू मात्र कधीच नाही. फाटलेलं दिसत राहिलं पाहिजे. जन्मभर फाटलेलं लपवणारा हा माणूस त्या एका चिरेपुढे सुई खाली ठेवी.

मग त्याचा ज्यू उस्ताद गेला. त्यानेच याच्या हाती सुई दिली होती आणि चाळीस वर्षांत "उजेडात धर" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

उस्तादाच्या घरी आरशांवर चादरी होत्या. शोकाचे सात दिवस मुलगा बुटक्या स्टुलावर बसला होता. तो बोलेपर्यंत पाहुण्याने तोंड उघडायचं नाही, अशी रीत. पाहुणे मात्र दारातूनच सुरू होत. "लिफ्ट कधीपासून बंद आहे हो तुमची?" मुलगाही हौसेने सांगे. रफूगर रोज कोपऱ्यात गप्प बसे. त्याला एकच कळायला हवं होतं: शेवटी उस्ताद आपल्याबद्दल काही बोलला का?

मुलाच्या कोटाची चीर त्याने पहिल्याच दिवशी पाहिली. जेमतेम दोन बोटं, तीही ब्लेडने, शिवणीला धरून. दुःखातही कापड वाचवलं होतं गड्याने.

"बोलला का तो?" घरी बायको विचारी.

"इतरांशी."

"अहो, मग तुम्हीच विचारा की. तोंडाला टाके घातलेत का?"

"आधी तो बोलेल."

सहाव्या दिवशी दुपारी खोलीत दोघंच उरले. मुलाने मान वर केली.

"काका, बरं झालं तुम्ही आहात. कोट नवाच आहे हो. पुढच्या महिन्यात मीटिंगला घालायचाय. एवढं रफू करून द्या, दिसता कामा नये. बाबा शेवटी शेवटी तुमच्याबद्दल सारखे म्हणायचे, माझ्या हातचं रफू मला सापडतं, त्याच्या हातचं सापडत नाही."

आता बोलायला हरकत नव्हती. मुलाने एक बाही काढलीही होती.

रफूगराने चष्मा उतरवला, घडी करून खिशात ठेवला आणि कोटाला हात न लावता दाराबाहेर पडला.