मेथीच्या पाण्यावरचे रंग

इतकी वर्षे मी केवळ वाचीत आले. आता उतारवयात लिहू धजते आहे, या धिटाईबद्दल वाचकांनी क्षमा करावी. सांगायचे आहे ते माझ्या थोरल्या जाऊबाईंविषयी. त्यांना लिहिता येत नव्हते, एवढेच माझ्या धाडसाचे समर्थन.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी मी लग्न होऊन वाशीमला आले. जाऊबाईंचे वडील वह्या बांधीत, आणि पुठ्ठ्यांवर लावायचा ढगांसारख्या नक्षीचा अबरी कागदही घरीच करीत. ती विद्या जाऊबाईंनी सासरी आणली आणि कागदावरून रेशमावर नेली. मागच्या पडवीत त्या रुमाल, गळपट्टे, बटवे रंगवीत. लग्नसराईत गावोगावच्या बायका ते घेऊन जात.

पत्र्याच्या उथळ तबकात भिजवलेल्या मेथीचे गाळलेले बुळबुळीत पाणी असे. त्यावर खराट्याच्या काडीने रंगाचा थेंब सोडायचा. रंगात रिठ्याचे पाणी मिसळलेले, म्हणून तो बुडत नसे. पसरत पसरत ताटलीएवढा होई. साळिंदराच्या काट्याने जाऊबाई त्यातून चार रेघा ओढीत, की पाण्यावर मोरपिसे उमटत. तुरटीत भिजवून वाळवलेले रेशीम वर अंथरले की सारे चित्र कापडावर चढून येई आणि खाली पाणी पुन्हा कोरे होई. मी शाळेत विज्ञान शिकले होते. तरी दर वेळी, हे आपल्यासमोर कसे घडले, असे वाटून मी स्तब्ध होई.

अंथरणे हेच अवघड. कापडाचा मध्य आधी टेकवायचा, कडा मागाहून, आणि तोवर श्वास रोखायचा. हात अडखळला तर हवा अडकते आणि तेवढी जागा पांढरी राहते. एकदा टेकलेले कापड पुन्हा टेकवता येत नाही. दोन वर्षे मी रंग वाटले, मेथी गाळली, प्रमाणे वहीत टिपली. रेशीम कधी अंथरले नाही.

"मास्तरीणबाई," जाऊबाई म्हणत, "वहीत पायून पानी समजत नाई. हात घाल."

मी हात मागे घेई.

एका सकाळी कामरगावहून एक वृद्ध बाई आल्या. नातीच्या लग्नात द्यायच्या बटव्यासाठी त्यांनी मोतिया रेशमाचा हातभर तुकडा आणला होता.

"माह्या मायच्या शालूचा हाये," त्या म्हणाल्या. "बाकीचा इरून गेला. दुसरा तुकडा नाई, बाई."

जाऊबाईंनी तुरटीचे काम उरकले, रंग सोडले, रेघा ओढल्या. मग कापड उचलले आणि तसेच माझ्यापुढे धरले.

"माहा हात आज कापून राह्यला. तू टाक."

"जाऊबाई, तुमीच टाका. मले नाई जमत."

"तुह्या भरवशावर आनलं म्या," म्हातारबाई जाऊबाईंना म्हणाल्या. "हे पोरगी कायले?"

"भरवसा हाये म्हून त खरं सांगतलं. माह्या हातानं नास होईन."

पाण्यावरचे रंग थांबत नाहीत. कडेची निळाई विरू लागली होती. मी कोपरे धरले. मध्य टेकला आणि त्या नक्षीने रेशमाला खालून धरले, हे मला बोटांत जाणवले. पाणी जणू कापडाची वाटच पाहत होते. त्या विस्मयात माझा श्वास सुटला आणि एक कड अडखळली.

कापड उचलले तेव्हा मोरपिसे उमटली होती. कडेशी मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. मी मान वर केली नाही.

म्हातारबाईंनी डागावर बोट ठेवले.

"एवढा फोड त माह्या भाकरीलेबी येते," त्या म्हणाल्या. "वाळलं का शिव, जेवून मले मोटार गाठाची हाये."

त्या दिवसापासून घरातले प्रत्येक रेशीम मीच अंथरले. पण एक गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. त्याच दुपारी जाऊबाईंनी दोरा एका खेपेत सुईत ओवला आणि तो बटवा शिवला. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक आणि सरळ होते. मी पाहत आहे हे त्यांना ठाऊक होते. मी विचारले नाही, त्यांनीही कधी सांगितले नाही.

वाचकहो, त्या सकाळी त्यांचा हात खरोखरच कापत होता का?