सुईची भीती आणि बापाजवळ केलेली कबुली

समता कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "दोन्ही किडन्या आकुंचन पावल्या आहेत. आता डायलिसिसची तयारी ठेवा."

शेजारी माझी बायको सुशीला बसली होती. तिनं विचारलं, औषधानं जमणार नाही का? डॉक्टरांनी मान हलवली. क्रिएटिनिन फार वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, जो किडनीनं लघवीतून बाहेर टाकायचा असतो. माझ्या अंगात तो साठत चालला होता. पाय सुजायचे, जेवणाला लोखंडाची चव यायची, दोन जिने चढलो की बसावं लागायचं. मी उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये, म्हणजे लोखंडाच्या सळ्या बनवणाऱ्या कारखान्यात, कामाला होतो. हे सगळं भट्टीच्या उष्णतेनं होत असेल असं समजून मी वर्षभर काढलं होतं.

डायलिसिस म्हणजे हाताच्या शिरेत दोन सुया. एकीतून रक्त मशिनीत जातं, साफ होतं, दुसरीतून परत येतं. त्यासाठी आधी फिस्टुला करतात, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडतात, त्यामुळे शीर जाड होते. ते ऑपरेशन मी डोळे मिटून कसंबसं सोसलं. पण पहिल्या डायलिसिसच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापाशी मला दरदरून घाम फुटला. सुशीला केसपेपर काढायला आत गेली आणि मी ऑटो करून घरी परतलो.

रोज लालबुंद सळ्यांजवळ उभा राहणारा माणूस मी. मिलमधल्या कोणाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. पुढचे काही दिवस मी आज-उद्या करत राहिलो. मग आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. छातीत पाणी भरत होतं. मुलगी रिबेका इथं हिंदी मुलखात वाढली, ती हिंदीतच बोलते. ती म्हणाली, "पापा, आप जानबूझकर मर रहे हो क्या?"

सुशीलानं आमच्या चर्चच्या पाळकांना बोलावलं. विश्वास ठेव, सगळं ठीक होईल, असं काहीतरी ते म्हणतील असं मला वाटलं होतं. मंडळीतल्या बऱ्याच जणांनी तसं म्हटलंही होतं, आणि त्यामुळे मी जास्तच खचलो होतो. विश्वास ठेवणाऱ्याला भीती वाटते म्हणजे त्याचा विश्वासच खोटा, असं मला वाटायचं.

पाळक खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "क्रुसावर द्यायला धरून नेण्याआधी येशू बागेत घाबरला होता. त्याचा घाम रक्तासारखा गळत होता. तो देवबापाला म्हणाला, हे टळत असेल तर टळू दे. तू कोणाला सांगितलंस, तुला भीती वाटते म्हणून?"

कोणालाच नाही. प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेत मी नुसतं बरं कर, बरं कर म्हणत होतो.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सुशीलाला माझ्या वडिलांचं सांगितलं. मी लहान असताना ते नागपूरच्या दवाखान्यात आपल्या पायानं चालत गेले होते, दाराशी मागं वळून मला हात हलवला होता, आणि परत आले ते चादरीत गुंडाळून. सुशीला म्हणाली, "मंग हे देवाले सांगा नं. मी बसते संग." आम्ही दोघं बसलो. मी म्हणालो, बापा, मला तिथं मरायची भीती वाटते. एवढीच प्रार्थना झाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. भीती सोबतच होती. सुया टोचताना मी सुशीलाचा हात इतका आवळला की तिची बांगडी पिचली.

मग आठवड्यामागून आठवडे तेच. सुया, मशिनीची घरघर, पायात गोळे, घरी येऊन मेल्यासारखं पडणं. माझ्या बाजूच्या खाटेवर भनपुरीच्या कुसुमवहिनी असत, मूळच्या गोंदियाच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी रोज काय पुटपुटून राहता?" मी म्हणालो, प्रार्थना. त्या म्हणाल्या, "मंग मोठ्यानं म्हणा नं. मलेही भेव वाटते." त्यांच्या उशाशी त्यांच्या गजाननमहाराजांचा फोटो असायचा. माझ्या प्रार्थनेची त्यांना अडचण नव्हती. मी 'मला' सोडून 'आम्हाला' म्हणायला लागलो.

एका दुपारी मशीन चालू असताना त्यांचं ब्लडप्रेशर एकदम घसरलं. डोळे पांढरे झाले, मान कलंडली. मशिनीची शिटी वाजली, सिस्टर धावल्या. मी मोकळा हात लांब करून त्यांची बोटं धरली आणि मोठ्यानं प्रार्थना करायला लागलो. मला उठता येत नव्हतं, तरी मी उठायला बघत होतो. टेक्निशियन ओरडला, "भैया, प्रार्थना करते रहो, पर सुईवाला हाथ मत हिलाओ।"

थोड्या वेळानं कुसुमवहिनींनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा कुठं मी माझ्या हाताकडे पाहिलं. सुया जागच्या जागी होत्या. इतका वेळ मला त्यांची आठवणच नव्हती.

तुमच्यापैकी कोणाला डायलिसिस करावं लागलं तर माझं एवढंच सांगणं आहे. भीती जायची वाट बघत घरी बसू नका, छातीत पाणी भरतं. भीती वाटते म्हणून देवापासून तोंड लपवू नका. घरच्या एका माणसाला तरी खरं सांगा.

मागच्या महिन्यात पाळकांनी मला चर्चमध्ये साक्ष द्यायला सांगितलं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगायचं. लोक बरं झाल्याची गोष्ट ऐकायला सरसावून बसले. मी म्हणालो, माझ्या किडन्या बऱ्या झालेल्या नाहीत. मी फार थकलो आहे. उद्या सकाळी मला परत डायलिसिसला जायचं आहे, आणि फाटकापाशी आजही माझे पाय जड होतात. पण मी एकटा आत जात नाही. देवाचे आभार.

आमेन म्हणावं की नाही, मंडळीला कळेना. मग मागच्या बाकावरून सुशीला म्हणाली, "आमेन."