मऊ चेंडूची चौकशी

चव्वेचाळीस साली माझी पोस्टिंग साताऱ्याजवळच्या एका ट्रेनिंग छावणीत होती. महायुद्ध चालू होते आणि सैन्यात तेव्हा बायकांचे एक दल होते. मी त्यात कॉर्पोरल होते. सांगलीची, इंटरपर्यंत शिकलेली, इंग्रजी बोलू शकणारी, म्हणून मला टेलिफोन एक्स्चेंजवर बसवले. खाकी साडी, ब्लाउजच्या बाहीवर दोन फिती, पायात काळे बूट. सकाळी परेड, मग स्विचबोर्ड, दुपारी हिशेबाच्या खोलीत टायपिंग. कामात नावीन्य नव्हते, पण शिस्त होती आणि मला ती आवडत असे.

तिकडे तुमच्या देशात फुटबॉलमधली हवा कुणी काढली यावरून वकील उभे राहिले, असे तुम्ही फोनवर सांगितलेत आणि हसलात. मी हसले नाही. का, ते फोनवर सांगण्याजोगे नव्हते. म्हणून लिहिते.

छावणीची फुटबॉल टीम होती. दर वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सांगलीची टीम आमच्या ग्राउंडवर खेळायला येई. जिंकणाऱ्याला एक लाकडी ढाल मिळे. सांगलीकर सातारा रोड स्टेशनला गाडीतून उतरून लॉरीने येत आणि बरोबर भडंगाचे डबे भरून त्यांचे पाठीराखे येत. आमचा कॅप्टन लान्स नाईक सोपान. कोरेगावचा, उंच, छातीठोक बोलणारा. त्याचा खेळ एकच: लांब किक मारायची आणि मागे धावायचे. त्यासाठी चेंडू टणक लागे.

चेंडूंची जबाबदारी नाईक गणपतकडे होती. गणपत माण तालुक्यातला. घरी मेंढरे, शेती पावसाच्या भरवशावर. पूर्वी तो टीममध्ये होता. गुडघा दुखावल्यावर सोपानने त्याला काढले आणि खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्या हाती दिली. तो फार बोलत नसे. वस्तू मात्र अशा ठेवी की अंधारातही हाताला लागाव्यात.

तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याचे वेष्टन आणि आत रबरी ब्लॅडर. ब्लॅडरमध्ये पंपाने हवा भरायची, तोंड दोऱ्याने आवळायचे, वरून चामड्याची नाडी ओढायची.

त्या वर्षी पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल पुढे होतो. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू बसायला लागला. सोपानची किक निम्म्या अंतरात पडू लागली. रेफ्रींनी अंगठ्याने दाबून पाहिले आणि दुसरा चेंडू मागवला. गणपतने तो हवा भरून दिला. थोड्या वेळात तोही मऊ झाला. सांगलीची टीम लहान पास देत खेळणारी. त्यांना मऊ चेंडूचा त्रास कमी झाला. त्यांनी दोन गोल केले आणि ढाल घेऊन गेले.

मॅच संपायच्या आत ग्राउंडभर एकच वाक्य फिरले. गणपतने हवा काढली.

पुढचे काही दिवस छावणीत दुसरा विषय नव्हता. कॅन्टीनमध्ये, न्हाव्यासमोर, पाण्याच्या नळावर, जिथे दोन माणसे तिथे पुरावा तपासला जाई. कोणी म्हणे बाभळीचा काटा गेला. मोटार सेक्शनच्या ड्रायव्हरने चेंडू न उघडता बादलीत बुडवला, पण बुडबुडे एका जागेवरून येत नव्हते, सगळीकडून थोडे थोडे येत होते. मग काटा रद्द. न्हाव्याचे म्हणणे, सांगलीच्या एका खेळाडूच्या बुटात टाचणी होती. हेडक्लार्कने हवा गार झाली की आक्रसते, हे शाळेतले शास्त्र सांगितले. त्यावर एक हवालदार म्हणाला, "सायेब, पयला हाफ उन्हात झाला, दुसरा बी उन्हातच झाला. हवा काय सावली हुडकत बसली व्हती का?"

मी सांगलीची, म्हणून माझीही सुटका नव्हती.

"एक्स्चेंज? कॉर्पोरल बाई, रायफल रेंज द्या. आन् एक सांगा, तुमच्या सांगलीत हवा शेरावर मिळती का नगावर?"

"नंबर सांगा. लाइन मोकळी ठेवा."

"रागावू नका, बाई. जिकलाय तुमी."

सांगलीहून माझ्या मामांचे पत्र आले. तिकडे मारुती चौकात उलटा वाद चालला होता: मऊ चेंडू दोन्ही टीमना मऊच होता, मग तक्रार कसली?

हे सगळे थट्टेवारी राहिले असते. पण गणपतची कंपनी परदेशी ड्राफ्टवर, म्हणजे समुद्रापार लढाईवर, निघणार होती. ऑर्डर आली होती, तारीख सांगितली नव्हती. खोडसाळपणा सिद्ध झाला तर गणपतच्या फिती जाणार, तो कोठडीत राहणार आणि कंपनी त्याच्याशिवाय जाणार. छावणीत माणचे बरेच जवान होते. कोणी रजेवर गेला की बातमी त्याच्याआधी गावात पोचणार. गणपतला कोठडीची भीती नव्हती. गावाची होती.

पुरावाही त्याच्याविरुद्ध होता. किल्ली त्याच्याकडे. टीममधून काढल्याचा राग, असे सगळे धरून चालले होते. एक चेंडू बिघडला असता तर गोष्ट वेगळी, दोन बिघडले. आणि सर्वांत वाईट म्हणजे सामानाच्या खोलीत तिसरा, अगदी नवा चेंडू सापडला. मॅचनंतर सोपानने तो काढून हवा भरून पाहिली. दगडासारखा टणक. गणपतने तो मॅचला दिलाच नव्हता.

कंपनी कमांडर इंग्रज कॅप्टन होते. त्यांनी कोर्ट ऑफ एन्क्वायरी बसवली. जवान मराठीत बोलणार आणि मी ते इंग्रजीत सांगून टाइप करणार, असे ठरले. आदल्या दिवशी गणपत एक्स्चेंजच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाईसाहेब, उद्या तुमी लिवनार म्हनं."

"हो."

"म्या जे बोलीन त्येच लिवा. ज्यादा न्हाई, कमी न्हाई."

"तेच लिहीन."

त्याने सॅल्यूट केला. दोघांचा दर्जा एकच, नाईकने कॉर्पोरलला करायचा नसतो. मी तसे सांगितले नाही.

चौकशी क्वार्टरमास्टरच्या ऑफिसात झाली. टेबलावर तीन चेंडू, दोन बसलेले, एक टणक. कॅप्टनसाहेब मध्ये, शेजारी सुभेदारसाहेब. सुभेदारसाहेब फलटणकडचे, मिशीला पीळ, आवाज परेडचा. खिडक्या बंद केल्या होत्या, तरी दाराखालच्या फटीतून जवानांचे पाय दिसत होते.

सोपानची साक्ष आधी झाली. त्याने हात मागे बांधून, एका श्वासात सांगितले.

"साहेब, ह्याच्यावर माझा राग न्हाई. पर दोन चेंडू खराब निघत्यात, आन् चांगला चेंडू पेटीत लपिवलेला ऱ्हातो. इसरला म्हनं तर ह्यो मानूस काय इसरत न्हाई. दुसरा चेंडू मागिवला तवा नवा का न्हाई दिला? एवढंच इचारा."

कॅप्टनसाहेबांनी तेच विचारले. मी मराठीत सांगितले.

गणपत म्हणाला, "त्याची पूजा झाली न्हवती, साहेब."

मी ते इंग्रजीत सांगितले. कॅप्टनसाहेबांनी पुन्हा सांगायला लावले. मी पुन्हा सांगितले.

सुभेदारसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "कुठली पूजा? खंडेनवमीची?"

"व्हय. नवा चेंडू दसऱ्यानंतर आला. पूजा न झालेलं हत्यार मैदानात कसं द्यावं? पुढच्या वर्सापत्तोर ठेवला."

खंडेनवमीला छावणीत शस्त्रपूजा होत असे. रायफली, ब्रेनगन, संगिनी, सगळे पुसून मांडायचे, झेंडूची फुले, हळदकुंकू, नारळ. मोटार सेक्शन ट्रकना हार घाली. स्वयंपाकी झारे मांडत. माझ्या स्विचबोर्डलाही त्या दिवशी कुंकू लागले होते. ज्याच्या हाती जे साधन, त्याची पूजा. गणपतच्या हाती चेंडू होते.

"पूजेच्या आदी काय केलंस?" सुभेदारसाहेबांनी विचारले.

"साफ केलं."

"कसं?"

"समदे करत्यात तसं. सोडून, पुसून, तेल दिलं."

"चामड्याला?"

"चामड्याला बी. आतल्या फुग्याला बी. चांगलं दोन हात दिलं. रायफलीचं तेल, हलकं न्हाई."

दाराबाहेरचे पाय हलायचे थांबले. सोपानने मागे बांधलेले हात सोडले. सुभेदारसाहेब कपाळाला हात लावून बसले. खोलीतल्या प्रत्येक मराठी माणसाला गोष्ट कळली होती, फक्त कॅप्टनसाहेब आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते.

"काय झाले?" त्यांनी मला विचारले.

मी सांगितले. शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी प्रत्येक साधन उघडून तेल देतात, आणि नाईकने तोच नियम चेंडूला लावला.

कॅप्टनसाहेबांनी चाकू मागवून नाडी कापली आणि ब्लॅडर बाहेर ओढले. ते बोटांना चिकटत होते. पृष्ठभाग फुगून सैल झाला होता, बोटावर काळे उतरत होते आणि तेलाचा वास खोलीभर झाला. रबराला तेल लागले की रबर कुजते, हे टायर बदलणारा कोणताही ड्रायव्हर सांगू शकला असता. दुसऱ्या चेंडूचे ब्लॅडर तसेच निघाले. तिसऱ्याचे कोरडे आणि ताठ.

"अरं शहाण्या," सुभेदारसाहेब म्हणाले, "रायफल आन् फुगा तुला सारखाच का रं?"

"हत्यार त्ये हत्यार, साहेब."

"आन् इतके दिस तुला समदे इचारत व्हते, तवा तोंड का न्हाई उघडलंस?"

"इचारत व्हते, हवा कुनी काढली. म्या न्हाई काढली. न्हाई म्हनून सांगितलं." मग तो म्हणाला, "तेलाचं कुनी इचारलं न्हाई. त्यात सांगन्यासारखं काय हाय, असं वाटलं."

कॅप्टनसाहेबांनी निष्कर्ष सांगितला आणि मी टाइप केला. हेतू नाही, खोडसाळपणा नाही, आरोप रद्द. मॅचचा निकाल कायम. रबरी सामानाला तेल लावू नये. आणि शेवटी मला तोंडी सांगितले, "नाईकचे नाव ड्राफ्टवर राहू द्या."

बाहेर सोपान गणपतची वाट पाहत उभा होता.

"म्या समद्यांम्होरं तुला चोर म्हनलो," तो म्हणाला.

"व्हय."

"मग एक ठिवून दे."

"गुडघा दुखतोय," गणपत म्हणाला. "कोन तुज्यामागं पळंल?"

त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये वाद मिटला असे तुम्हाला वाटेल. मिटला नाही. आता प्रश्न असा होता की सांगलीचा दुसरा गोल ऑफसाइड होता की नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी ड्राफ्ट निघाला; गणपतबरोबर सोपानही त्यात होता. लॉऱ्या फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा मी बोर्डवर होते. स्टेशनचा नंबर लावून दिला आणि नियमाप्रमाणे शब्द स्पष्ट पोचला का ते ऐकले.

"स्टेशन, धिस इज कॅम्प. ड्राफ्ट मूव्ह्ड. ऑल प्रेझेंट."

"ऑल प्रेझेंट. आउट."

पुढच्या उन्हाळ्यात इटलीच्या आघाडीवरून मेलेल्यांची नावे येऊ लागली. गणपत एका नदीच्या बांधावर पडला. त्याच्या सेक्शनमधले आणखी तिघे त्याच दिवशी पडले. त्यांतला बाबू आमच्या टीमचा गोलकीपर होता. दुसरा दत्तू, कॅन्टीनमध्ये नकला करायचा. तिसऱ्याचे नाव हरी. तो नुकताच भरती झाला होता आणि मी त्याला फक्त एकदा पाहिले होते. सोपानच्या खांद्याला गोळी लागली. तो जगला आणि युद्ध संपल्यावर छावणीत परतला.

मी डिस्चार्जची वाट पाहत होते, तेव्हा गणपतचे वडील पेन्शनच्या कागदांसाठी आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी त्यांना कागद समजावून सांगितले. अंगठा कुठे उठवायचा ते दाखवले. त्यांनी उठवला आणि तसेच उभे राहिले.

"आवं बाईसाहेब, त्याच्यावर कसला तरी आळ व्हता म्हनं."

"होता. तो गेला. कंपनी निघायच्या आधीच गेला. सगळ्यांसमोर."

"आमच्यात आळ आलेला समद्यास्नी ठावं हाय. गेलेला कुनाला ठावं न्हाई." मग म्हणाले, "तुमी याल का सांगाया? म्या सांगितलं तर बाप म्हनून सांगतोय म्हनत्याल."

सोपान दाराशी होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "म्या येतो, बाबा."

आम्ही दोघेही गेलो. दहिवडीपर्यंत एस्टीसारखी एक खाजगी मोटार होती, पुढे चालत. देवळासमोरच्या पारावर गाव जमले. मी युनिफॉर्ममध्ये होते, म्हणून बायकाही मागे येऊन उभ्या राहिल्या. मी चौकशीचा निकाल वाचून दाखवला. मग सोपान उठला. चोर म्हणणारा पहिला माणूस मीच होतो, असे त्याने आधी सांगितले. नंतर सगळी हकीकत सांगितली.

गावाने त्याला सहज सोडले नाही. एका म्हाताऱ्याला ब्लॅडर म्हणजे काय ते समजून घ्यायचे होते. एकाला शंका होती की तेलाने चामडे टिकते, तर रबर का टिकू नये. एका बाईने मागून विचारले की देवाच्या पूजेची वस्तू बिघडलीच कशी. सोपानने प्रत्येकाला उत्तर दिले. उत्तर न आलेले प्रश्न माझ्याकडे ढकलले.

"पर मॅच कोन जिकलं?" एकाने विचारले.

"सांगली," सोपान म्हणाला, आणि माझ्याकडे बोट केले. "हेंचीच."

लोक हसले. गणपतचे वडीलही हसले.

मग सोपानने गणपत त्या नदीच्या बांधावर कसा पडला ते सांगितले. त्या वेळी कोणी काही विचारले नाही.