वाहकाला काही होत नाही

संस्थेत आरोग्याचं पत्रक कसं लिहायचं हे मला शिकवलं तेव्हा पहिला धडा असा होता: एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची आणि 'पण' वापरायचा नाही. 'पण' दिसला की वाचणारा त्यातून निसटतो.

त्याच शिस्तीत मी सिकलसेलचं पत्रक लिहिलं. रक्ताचा हा आजार आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव आहे. आईबाप दोघांकडून आला तर माणूस आयुष्यभर दुखण्यात काढतो. एकाकडूनच आला तर तो नुसता वाहक, स्वतः धडधाकट. गावात हा फरक कोणी मानत नव्हतं. तपासणीचं कार्ड घरात सापडलं म्हणून पोरींच्या सोयरिकी मोडत होत्या आणि लोक कार्ड पेटीच्या तळाशी लपवत होते. मला संताप यायचा. म्हणून मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'वाहक हा रुग्ण नाही. वाहकाला काही होत नाही.' ते शाळांच्या भिंतींवर लागलं, दवाखान्यात लागलं, मूल गावच्या बाजारात मी स्वतः वाटलं.

त्या पत्रकावर विश्वास ठेवून जी पहिली बाई उभी राहिली, तिची ही गोष्ट आहे. मूल तालुक्यातल्या एका गावात ती राहते. साठीला टेकलेली. आम्ही सगळ्या तिला बाईच म्हणतो. सभेत तिने माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाली, "माह्या रगतात सिकल हाये. कार्ड हाये माह्याजवळ. मी बांधीत दिवसभर धान रोवतो, मोळी आनतो. कोनाले का म्हनाचं हाये, म्हना." त्या दिवशी तपासणीची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली.

बाईची खरी ओळख मात्र बियाण्याची. लुचई, चिन्नोर आणि आता कोणी पेरत नाही असे कितीतरी धान ती बांबूच्या ढोल्यांत शेण-मातीने लिंपून जपते. तिच्यामुळे गावात पाच जणींचा गट झाला. त्या गटाची माहिती कुठून कुठे गेली कोण जाणे, पेरू देशातल्या बायकांकडून बोलावणं आलं. त्या बायका बटाट्याच्या जुन्या जाती जपतात. चार हजार मीटर उंचीवर त्यांचं गाव. येण्याजाण्याचा खर्च त्यांच्या संस्थेचा. गटातल्या पाच जणी आणि दुभाषी म्हणून मी.

आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. गटातली एक म्हणाली, "पेरू म्हंजे जाम ना? मंग जामाच्या देशाले जाऊन राह्यलो आपन, आन् खाऊन येऊ आलू." दुसरी म्हणाली, "तुह्या नवऱ्याले सांगू नोको, तो म्हनन जाम तं आपल्या वाडीतच हाये, बस घरी." आठवडाभर हाच विनोद चालला.

बाई हसायची, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिच्याकडे एक काळ्या टरफलाचं धान आहे. ते आता आसपास कोणाकडे नाही. दरवर्षी ते कमी उगवतं. "बी थकून राह्यलं," ती म्हणायची. "त्याईचे आलू तं पिढ्यान् पिढ्याचे हायेत. बी थकलं का त्या काय करतेत, तेवढं मले इचाराचं हाये." कृषी खात्याच्या माणसाला तिने हे विचारलं होतं. त्याने नवीन वाणाची पिशवी हातात दिली होती.

तयारीची यादी इंग्रजीत आली. मी तिचं मराठीत पत्रक केलं, सवयच ती. 'रोज एक तास चालण्याचा सराव करा' हे वाचलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाई म्हणाली, "मंग आमी दिवसभर का करतो वं?" 'पोहोचल्यावर पहिले दोन दिवस काम करू नका, आराम करा.' त्यावर टाळ्या पडल्या. एक म्हणाली, "हे माह्या सासूले वाचून दाखव."

चालणं त्यांना शिकवायची गरज नव्हती, बुटांची होती. पाचातल्या चौघींनी जन्मात बंद बूट घातले नव्हते. मूलमधल्या दुकानदाराने एप्रिलच्या उन्हात माळ्यावरून स्वेटरचे गठ्ठे काढले. बाई स्वेटर घालून आरशासमोर उभी राहिली, घामाने चेहरा निथळत होता, आणि दुकानदार म्हणाला, "बाई, तुमाले कोनं शिक्षा देल्ली का?" संध्याकाळी तलावाच्या पाळीवर पाच जणी बूट घालून चालायच्या. चढण म्हणून आमच्याकडे तेवढंच. बाईने दोन दिवस बूट हातात घेऊन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या दिवशी घातले. पासपोर्टसाठी चंद्रपूरच्या चकरा झाल्या, पोलीस घरी येऊन गेले. जून लागताच निघायचं आणि धानाच्या रोवणीआधी परतायचं, असं ठरलं.

सगळ्यात शेवटी आरोग्याचा फॉर्म राहिला. मी एकेकीला समोर बसवून भरत होते. दमा? नाही. बीपी? नाही. नववा प्रश्न होता: 'सिकलसेल आहे का? फक्त वाहक असल्यास तेही लिहा.'

मी चिडले. हाच तो फरक, ज्याच्यासाठी आम्ही गावोगाव घसा कोरडा केला, आणि हे शिकलेले लोक वाहकाला आजाऱ्यांच्या रांगेत उभं करत होते. त्यांना खरमरीत पत्र लिहायचं म्हणून मी मोबाइलवर वाचायला बसले, मुद्दे हवेत म्हणून. तासभर वाचलं. मग पत्र लिहिलंच नाही.

वाहकाला काही होत नाही, हे खरं होतं. खाली सपाटीवर खरं होतं. आमचं गाव समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटर उंच. फार उंचावर, जिथे हवाच विरळ होते, तिथे काही वाहकांच्या पोटात डाव्या बाजूला असह्य दुखतं, प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो, जीवावर बेतू शकतं. क्वचित होतं. पण होतं. मला हे माहीत नव्हतं. मला पत्रक शिकवणाऱ्यांनाही माहीत नसावं, कारण आमच्याकडून चार हजार मीटरवर जाणार तरी कोण होतं?

बाईला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कार्ड बघितलं, फॉर्म बघितला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. "मी सही नाही करणार. उद्या काही झालं तर माझं नाव येईल."

मी म्हटलं, "तुमच्याच दवाखान्याच्या भिंतीवर पत्रक आहे, वाहकाला काही होत नाही म्हणून."

"ते तुम्हीच लावलंय ना, ताई?" ते म्हणाले.

मग वरोऱ्यावरून बसने नागपूर गाठलं. तिथल्या रक्ताच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, त्यांनी बाईला नीट तपासलं, तिच्याशी बोलल्या. मला म्हणाल्या, "बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना होतं. कोणाला होईल हे आधी सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. त्या गावाजवळ मोठं हॉस्पिटल आहे का?" सहा तासांवर होतं.

बाहेर बाकावर बाईने विचारलं, "हे हो म्हनते का नाई म्हनते?"

"दोन्ही म्हणतात."

"मंग तू का म्हनतेस?"

मी दर सभेत, दर चौकात काहीतरी म्हणत आले आहे. त्या बाकावर मी म्हटलं, "पाणी घ्या, बाई." तिने बाटली घेतली. मग म्हणाली, "तुह्या कागदात तं नाई लिवलं हे."

"मला माहीत नव्हतं, बाई."

"मले वाटलं तुले सारं मालूम अस्ते," ती म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी फॉर्मवर खरं ते लिहून पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी फार प्रेमाने लिहिलं होतं. बाईंची जोखीम आम्हाला घेता येणार नाही, त्यांनी किनाऱ्यावरच्या शहरात आमच्या एका कार्यकर्तीच्या घरी राहावं, तिथे उंचीचा त्रास नाही, शेवटच्या दोन दिवशी बाकीच्या खाली येतील तेव्हा सगळ्या भेटतील. त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं. ज्याच्याशी भांडावं असं कोणी सापडेना.

बाईला वाचून दाखवलं. ती सुपातलं धान पाखडत होती, थांबली नाही. "समिंदराजवळ बसून मी का करू? आलू तं वर हायेत." थोड्या वेळाने म्हणाली, "मी नाई जात. लिवून टाक. आन् माह्या जाग्यावर धाकलीचं नाव घाल." धाकली म्हणजे तिची शेजारीण, तिशीची, बियाणं लिंपायला बाईच्या हाताखाली शिकलेली. तिचा पासपोर्ट योगायोगाने होता, नवऱ्यासोबत आखाती देशात जायचं फसलं होतं तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बाईच्या अंगणात जमल्या. बाई धाकलीला काय काय विचारायचं ते सांगत होती. "नुसतं आयकून नोको येऊ. बी कवा बदलतेत, कोनासंग बदलतेत, हे इचार. अन् त्याईनं सांगतलं का बी हातात घेऊन पाह्य." धाकली हो हो म्हणत होती, पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या फॉर्मकडे होतं.

मी म्हटलं, "आधी तुझी तपासणी करू. आत्ताच ग्रामीण रुग्णालयात चल, एक सुई टोचतील फक्त."

"कायची तपासनी?"

"सिकलची. तू केलेली नाहीस."

ती म्हणाली, "मी नाई करत."

मी पत्रक बोलायला लागले. तपासणी मोफत आहे, गुप्त राहते, वाहक निघालीस तरी, आणि तिथेच अडकले. निघालीस तरी काय? पुढचं वाक्य मला पाठ होतं आणि बोलता येत नव्हतं.

"बाईनं तपासलं," धाकली म्हणाली. "बाईनं साऱ्याईसमोर सांगतलं. बाई घरी हाये. ज्याईनं नाई तपासलं ते इमानात बसून राह्यले. मी काऊन तपासू?"

ती कोणाबद्दल बोलत होती हे सगळ्यांना कळलं. उरलेल्या चौघींपैकी दोघींनी कधीच तपासणी केली नव्हती. त्यांच्या नवव्या प्रश्नासमोर मीच 'नाही' लिहिलं होतं, घाईत, न विचारता. त्या दोघी आता पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होत्या. त्यांनाही तपासायला हवं, हे मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलंही. एक म्हणाली, "नोको ना, ताई." दुसरी उठून आत पाणी आणायला गेली आणि परत आलीच नाही.

"तिथे तुझ्या पोटात दुखायला लागलं तर?" मी धाकलीला विचारलं.

"तं दुखन. इथी बी दुखते."

मी बाईकडे बघितलं. ती बोलली असती तर धाकलीने ऐकलं असतं. सगळ्यांनी ऐकलं असतं, माईकवरून ऐकलं होतं तसंच. बाईने सूप बाजूला ठेवलं. "मी नाई सांगनार कोनाले आता," ती म्हणाली. "पयले सांगतलं तं सांगतलं. हिले जाऊ दे."

नावं कळवायची मुदत त्या संध्याकाळपर्यंत होती. धाकलीचं नाव सोडलं तर ती जागा जाणार होती, आणि ते काळं धान बाईबरोबर हाताळलेलं, त्याचा प्रश्न नीट विचारू शकेल असं दुसरं कोणी उरणार नव्हतं. मला स्वतःला काही अडचण नव्हती. माझा रिपोर्ट साधा आहे, मी वाहकही नाही, केव्हाच तपासून घेतलं होतं. मी खाटेवर फॉर्म ठेवला. नवव्या प्रश्नासमोर दोनच चौकोन होते, हो आणि नाही. माहीत नाही, असा चौकोन त्यांनी दिला नव्हता.

"लौकर कर ना, ताई," धाकली म्हणाली. "लेकरू खेळून येईन."

मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. तिने पेन मागितलं आणि सही कुठे करायची ते विचारलं. मी जागा दाखवली. तिने एकेक अक्षर सावकाश काढलं. बाई वाकून बघत होती, अक्षर नीट येतं का ते.